दार प्रकल्पात गेलं

“आबा, आपलं दार प्रकल्पात गेलं!”

माझी लेक ऋतुजा ओरडतच घरात शिरली. वय वर्षं पाच, नाकाला शेंबूड आणि उजव्या हाताचं बोट तांबडंलाल. माझे सासरे ओसरीवर तंबाखू मळत बसले होते. त्यांचा अंगठा तळहातावर तसाच थांबला.

“काय गेलं म्हनलीस?”

“दार. आपलं दार. तेरा नंबर. बाईंनी प्रकल्पात घेतलं.”

मी अंगणवाडीतली भांडी घासून तिच्या मागोमाग आले होते. पायातली चप्पलही अजून काढली नव्हती. मामंजी उठले, चौकटीपाशी गेले आणि वाकून बघायला लागले. खाली, लहान पोराच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर गेरूचा एक ठिपका होता. त्याच्या शेजारी खडूनं कुणीतरी तेराचा आकडा काढला होता, वाकडातिकडा.

“मंदा,” ते म्हणाले, “त्या येळी बी लालच खुना हुत्या.”

बाहेरच्या माणसाला यात घाबरण्यासारखं काय आहे ते कळायचं नाही. आमचं गाव म्हणजे नवी आंबेखोल. जुनी आंबेखोल डोंगरात होती, ती धरणाच्या पाण्याखाली गेली. आमच्याकडं कुणी ‘धरणात गेली’ म्हणतं, कुणी ‘प्रकल्पात गेली’ म्हणतं. जमीन प्रकल्पात गेली, देऊळ प्रकल्पात गेलं, कुणाची आंब्याची झाडं प्रकल्पात गेली. प्रकल्पग्रस्त असल्याचा दाखला आमच्या प्रत्येक घरात आहे. गावात पोराला भीती घालायची तर कुणी बागुलबुवा म्हणत नसे, ‘प्रकल्प आला’ म्हणत.

मी लग्न होऊन आले ती इथंच, सपाटीवर. सरकारनं आखून दिलेले सरळ रेषेतले प्लॉट, विटांच्या दोन-दोन खोल्या आणि त्यांना बसवलेल्या जुन्या गावच्या चौकटी. कुठं फणसाच्या, कुठं सागाच्या. वर गणेशपट्टी, खाली दणदणीत उंबरा. माणसांनी गाव सोडताना दुसरं काही आणलं नसेल, पण चौकट उपसून आणली. त्यामुळं आमच्याकडं घरापेक्षा दार भारी. शेजारच्या गावची माणसं आम्हाला ‘धरणवाले’ म्हणायची आणि आमच्या दारांना हसायची.

ऋतुजाची बाई म्हणजे अंगणवाडीची नवी सेविका, रोहिणी शिर्के. शिर्क्यांच्या घरात वर्षापूर्वी आलेली सून. बारावी झालेली आणि पुण्यात बालवाडीचा वर्षभराचा कोर्स केलेला. मी त्याच अंगणवाडीत अकरा वर्षं मदतनीस होते. खिचडी शिजवायची, पोरांची नाकं पुसायची, झाडलोट करायची. जुन्या बाई निवृत्त झाल्या तेव्हा सगळं गाव म्हणालं, आता मंदाच. मी त्या जागेसाठी आधीपासूनच दहावीचा फॉर्म भरत होते, दोनदा गणितात आपटले आणि तिसऱ्यांदा पास झाले होते. जागा मात्र शिर्क्यांच्या सुनेला मिळाली. त्यामुळं मी तिला पहिल्या दिवसापासून पाण्यात बघत होते, हे आधीच सांगून टाकते.

शिवाय तिचं शिकवणंही मला पटत नव्हतं. ‘अ अननसाचा’ नाही, पाढे नाहीत, पाटी तर पोरं विसरूनच गेली होती. ही बया पोरांच्यात मांडी घालून बसायची आणि त्यांनाच प्रश्न विचारायची. मला वाटलं, हिला शिकवता येत नाही म्हणून ही वेळ काढतेय. मग तिनं पोरांना गावात न्यायला सुरुवात केली. हातात गाठी मारलेली दोरी. एका दाराला दोरी लावायची, गाठी मोजायच्या, वहीत लिहायचं, पुढच्या दाराला जायचं. पोरं विती घालून उंबरे मोजायची. म्हाताऱ्यांना विचारायची, हे दार कुठलं, कोणी केलं, कसं आणलं. आणि रोहिणी ते सगळं टिपून घ्यायची.

“बाई, त्या वहीत काय लिवता हो एवढं?” मी एकदा विचारलं.

“प्रकल्पाचं आहे, मंदाक्का.”

“कसला प्रकल्प?”

“पूर्ण झाला की सगळ्या गावाला दाखवणार आहे. आधी सांगितलं तर मजा जाईल.”

आमच्या गावातली म्हातारी माणसं असली मजा एकदा बघून आली होती. वही मात्र ती रोज कपाटात ठेवायची आणि कपाटाला कुलूप लावायची, हे मी बघून ठेवलं.

ठिपक्यांच्या दुसऱ्या दिवशी गावात जीप आली. पांढरी, पुढं ‘महाराष्ट्र शासन’ लिहिलेली. त्यातून एक साहेब आणि दोन बाया उतरल्या. रोहिणी त्यांना घेऊन थेट सरपंचांच्या, दाजीबा उतेकरांच्या घरापुढं गेली. साहेबानं कॅमेरा काढून दाजीबांच्या दाराचा फोटो घेतला. मग शेलारांचं, मग कासुर्ड्यांचं. एकाही माणसाचा फोटो नाही, नुसती दारं.

अंगणवाडीत मी त्यांना चहा दिला. कपबशा गोळा करायच्या निमित्तानं जरा रेंगाळले.

“मोजणी छान झालीय,” साहेब म्हणत होता. “आता नकाशाही करून घ्या.”

“नकाशा सुरू केलाय, सर.”

“पुढच्या महिन्यात मोठे साहेब बघायला येतील. तोवर पूर्ण व्हायला पाहिजे.”

खरं सांगते, तोवर मलाही भीतीच वाटत होती. मी काही डाव टाकत नव्हते. संध्याकाळी नळावर गेले आणि जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं. मोजणी झाली, नकाशा चाललाय, मोठे साहेब येणार. नळावर एक हंडा भरेपर्यंत ते सगळ्या आळीत पोचलं आणि दुसरा भरेपर्यंत त्यात कॅनॉल आला. दाजीबांच्या मेव्हण्यानं म्हणे तालुक्याला ऐकलं होतं, नव्या कॅनॉलची आखणी आपल्या अंगानं आहे. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. आमच्या गावाचं तर तोंड नाही, अख्खं अंग पोळलेलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून अंगणवाडीतली पोरं कमी व्हायला लागली. सत्तावीसची पंधरा झाली, पंधराची नऊ. रोहिणी घरोघरी बोलवायला गेली तर बायका दारातूनच सांगायच्या, ताप आलाय. एका आळीत एकदम अकरा पोरांना ताप! तिला कळेना काय झालं.

“मंदाक्का, माझं काही चुकलं का हो? कुणी काही बोललं का?”

“मला काय ठावं, बाई? मी आपली चुलीपाशी.”

घरी मामंजी चौकटीला पाठ लावून दिवसभर बसायला लागले. जेवायला आत या म्हटलं तरी येत नसत. ताट तिथंच लागायचं. लोक येता-जाता त्यांना विचारायचे, कारण जुनी मोजणी डोळ्यांनी बघितलेली माणसं आता चार-पाचच उरली होती. ते प्रत्येकाला सांगायचे, “आधी नंबर टाकत्यात. मंग वरीसभर कोन फिरकत न्हाय. मानूस इसरून जातंय. आन् मंग येका दिवशी टरक येतोय.”

गुरुवारी रोहिणी तालुक्याला महिन्याच्या मीटिंगला गेली. पोरांची वजनं घ्यायची होती आणि वजनकाटा कपाटात होता, म्हणून जाताना किल्ली माझ्याकडं देऊन गेली.

आली ती नऊ पोरं मी खिचडी वाढून बसवली आणि कपाट उघडलं. काटा खालच्या फळीवर होता. वरच्या फळीवर ती वही होती आणि कागदाची मोठी गुंडाळी. मी गुंडाळी सोडली.

नुसती दारं. खडूनं काढलेली, रंगीत, वाकडी, एकावर एक पडलेली दारं. एका दाराला कान होते. एका दारातून म्हैस बाहेर येत होती आणि ती दारापेक्षा मोठी होती. एका कागदावर आमच्या आळीतली घरं ओळीनं मांडलेली, प्रत्येक घराला एक तांबडा ठिपका. हाच तो नकाशा. आणि एका लांब कागदावर रोहिणीच्या सुबक अक्षरात वर लिहिलं होतं, ‘दार कशाला असतं?’ खाली पोरांची उत्तरं.

साहिल : कुत्रं घरात येऊ नये म्हणून.
कोमल : आई रागावली की तिथं बसायला.
श्रेयस : पाहुणे गेले की लावायला.
ऋतुजा : आमच्या दाराला पाय नाहीत म्हणून आबांनी उचलून आणलं.

मला हसू आलं. मी एकटीच कपाटापुढं उभी राहून हसले. मग वहीत घातलेला एक सरकारी कागद दिसला. साहेबाचं पत्र होतं. ‘आपल्या केंद्रातील बालकांनी हाती घेतलेला “दार” हा प्रकल्प कौतुकास्पद असून, तो पूर्ण झाल्यावर तालुक्यातील इतर सेविकांना दाखवावा.’ खाली सही आणि गोल शिक्का. बालविकास प्रकल्प अधिकारी.

तो शिक्का मी ओळखला. माझ्या नेमणुकीच्या पत्रावर तोच होता, घरी ट्रंकेत जपून ठेवलेला. आमचं तालुक्याचं ऑफिसच मुळी ‘प्रकल्प’ होतं. अकरा वर्षं मी तिथं जात होते, ‘प्रकल्पात जाऊन येते’ असं घरी सांगून निघत होते आणि त्या शब्दाची मला कधी धास्ती वाटली नव्हती. अंगणवाडीतला प्रकल्प वेगळा आणि धरणाचा वेगळा, हे त्या गावात माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? तरी पांढरी जीप बघितल्यावर मीही ते विसरले.

आता एक वाक्य नळावर जाऊन सांगायचं होतं. ‘अगं, पोरांनी दारांची चित्रं काढलीत, बाकी काही नाही.’ एवढंच. हंडा भरायच्या आत सगळं मिटलं असतं.

मी गुंडाळी होती तशी बांधली, काटा काढून घेतला आणि कपाटाला कुलूप लावलं. नऊ पोरांची वजनं घेतली. नळावर त्या दिवशी मी गेले, पण गप्प राहिले. बायका म्हणत होत्या, हिला घालवली पाहिजे, मग मंदाच आहे की. ते मी ऐकून घेतलं.

रविवारी सकाळी समाजमंदिरात बैठक बसली. बाप्ये सतरंजीवर, बायका भिंतीकडेला. रोहिणी सासऱ्यांच्या मागं उभी होती. डोक्यावरचा पदर सारखा सारखा नीट करत होती.

“सूनबाई,” दाजीबा म्हणाले, “गावानं तुमाला लेकीवानी मानलं. तवा सरळ सांगा. दारांवर नंबर कुनाच्या हुकमानं टाकलं?”

“कुणाच्याच नाही, मामा. मुलांनी टाकले. मोजताना एकच दार दोनदा मोजलं जायचं. मग खूण करू, असं त्यांनीच ठरवलं.”

“त्यांनीच?” दाजीबांनी मंडळींकडं बघितलं. सगळे हसले. “ज्यास्नी नाक पुसाया येत न्हाय, ती पोरं ठरवनार?”

“हो. पहिला प्रश्नसुद्धा मुलांचाच होता. कोमलनं विचारलं, आमचं घर एवढंसं आणि दार एवढं मोठं का? मला उत्तर येत नव्हतं. म्हटलं, चला, शोधू या. त्यालाच प्रकल्प म्हणतात, मामा. एक गोष्ट घ्यायची आणि मुलांनी ती बघत, मोजत, माणसांना विचारत शिकायची.”

“आमी बी शाळंत गेलोय. पाटी, पेन्शिल, पाडं. दारं मोजून कुठं शिक्शान व्हतंय?”

“होतं, मामा. कोमल आता वीसपर्यंत मोजते. तुमचा श्रेयस…”

तेवढ्यात माझे सासरे उठून उभे राहिले. चारचौघांत ते कधी बोलत नसत.

“बाई, आमी बी तवा इचारलं हुतं,” ते म्हणाले. “मोजनीवाला म्हनला, काय न्हाय, नुसतं बगतोय. नुसतं बगत बगत त्यानं गाव नेलं.”

रोहिणीचे डोळे भरून आले. मला वाटतं, आपण नक्की काय केलंय ते तिला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं.

“आबा, शपथ घेते. मुलांची चित्रं आहेत कपाटात. आत्ता आणते, सगळ्यांनी बघा.”

“चित्रं ऱ्हाऊ द्या,” दाजीबा म्हणाले. “कागूद काय, पायजे तसा करता येतोय. फोटू कशापायी काढलं? मोटं सायेब कशाला येनार हायत? त्ये सांगा.”

“मंदाक्कांना विचारा!” ती एकदम म्हणाली. “त्या रोज तिथं असतात. मी खोटं सांगेन, त्या सांगणार नाहीत. मंदाक्का, तुम्ही सांगा ना.”

सगळं समाजमंदिर माझ्याकडं वळलं. मामंजी अजून उभेच होते. अकरा वर्षांत त्या गावानं मला काही विचारलं असेल तर खिचडी उरली का, एवढंच.

“मी मदतनीस,” मी म्हणाले. “मला काय कळतंय? पन शिक्का मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय. प्रकल्प अधिकारी, असं लिवलंय. आनि पुढच्या महिन्यात मोठं सायेब बघाया येनार, ह्ये मी कानानं ऐकलंय.”

त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. ‘बालविकास’ एवढा एकच शब्द मी गिळला.

“अहो, पण तो बालविकास…” रोहिणी म्हणाली. पुढचं कुणाला ऐकू आलं नाही. गलका उठला. कुणी तालुक्यावर मोर्चा म्हणालं, कुणी अंगणवाडीला टाळं म्हणालं. शिर्क्यांचे म्हातारे सुनेचा दंड धरून तिला बाहेर घेऊन गेले. जाताना तिनं माझ्याकडं वळून बघितलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर मला बरं वाटलं असतं. तिला वाटलं असणार की मंदाक्काला खरंच कळलेलं नाही.

पंधरा दिवसांत तिनं राजीनामा दिला. वर्षभरानं नवऱ्याला घेऊन ती पुण्याला गेली. तिच्या जागी माझी नेमणूक झाली. मी एकोणीस वर्षं सेविका होते आणि एकोणीस वर्षं ‘अ अननसाचा’ शिकवलं. कॅनॉल काही आला नाही. त्या दिवसाबद्दल गावात पुन्हा कुणी बोललंही नाही, मलाही कुणी विचारलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारी बैठक मोडल्यावर बायकांनी मला घेरलं, कुणी पाठीवर हात ठेवला, कुणी ‘सेविकाबाई’ म्हणून थट्टाही केली. मी ते सगळं अंगावर घेत सावकाश घरी आले.

मामंजी माझ्या आधी पोचले होते. पटाशी आणि पहार काढून त्यांनी चौकटीच्या कडेचं सिमेंट फोडायला घेतलं होतं. एक बाजू मोकळी झालेली. वीटचुरा त्यांच्या धोतरावर, मिशांवर पडला होता. ऋतुजा बाजूला बसून चौकटीतले निघालेले खिळे एका डब्यात टाकत होती.

“मामंजी, ह्ये काय करताय?”

“बरं झालं आलीस. गेल्या टायमाला घाई झाली, काढताना उंबरा चिरला. आवंदा सवडीनं काडतो.”

“काढू नका. तसलं काय न्हाय.”

“काय न्हाय?”

“प्रकल्प. ते… पोरांचं हाय ते. पोरांनी चित्रं काढलीत दारांची. मी बघितलीत.”

त्यांनी पटाशी खाली ठेवली आणि माझ्याकडं बघितलं. चांगलं निरखून बघितलं. मग हसले.

“आन् मगाशी मंडळीत काय म्हनलीस?”

मी पायानं वीटचुरा बाजूला सारला.

“म्हाताऱ्याच्या जिवाला घोर नगं म्हनून आता फिरवतीस व्हय?” ते म्हणाले. “पोरी, दाजीबा खोटं बोलंल. सरकार तर बोलतंयच. तू न्हाय बोलायचीस. अठरा वरसं बगतोय मी तुला.”

“मामंजी…”

“तू म्हनलीस म्हनून तर खरं धरलं. न्हाय तर येवड्या कष्टाची चौकट मी उगाच हलिवली असती? धर त्या अंगानं. पडली तर पोरीच्या पायावर पडंल.”

ऋतुजाला मी बाजूला केलं. पदर खोचला आणि दुसऱ्या बाजूनं चौकट धरली.